रताळे आणि रताळू: एकच की दोन?

तळोद्याच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. परसात रताळी लावायची म्हणून त्यांनी नवापूरच्या बाजारात ‘रताळू’ मागितलं, तर विक्रेत्यानं ओबडधोबड, आतून जांभळा कंद हातात दिला. मग रताळे आणि रताळू हे वेगळे आहेत का? आणि ‘रताळू’ हा शब्द मराठी मानायचा की गुजराती?

विक्रेत्यानं बरोबरच दिलं. नवापूरचं रेल्वे स्थानकसुद्धा अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, तिथे शब्दही दोन्हीकडचे चालणार. गुजरातीत ‘रतालू’ म्हणजे उंधियूत पडतो तो जांभळा कंद, आपलं कोनफळ. आपल्या रताळ्याला गुजराती माणूस ‘शक्करियां’ म्हणतो. रावेरहून बऱ्हाणपूरकडे गेलात तर तेच ‘शकरकंद’ होतं, आणि हिंदीतही ‘रतालू’ म्हणजे कोनफळाच्या जातीचा कंदच. मराठीत मात्र पुष्कळ जण रताळ्यालाच रताळू म्हणतात. शेजारच्या दोन भाषा एकीकडे आणि आपण एकीकडे, असं का झालं?

याचं उत्तर फार सुंदर आहे. हा शब्द संस्कृत ‘रक्तालु’वरून आला. ‘आलु’ म्हणजे कंद, त्यातला तांबडा तो रक्तालु. रताळे हे मूळचं अमेरिका खंडातलं पीक, ते युरोपीय दर्यावर्दींच्या काळानंतर आपल्याकडे आलं. म्हणजे जुना रक्तालु रताळे असणं शक्यच नाही, तो कोनफळाच्या कुळातलाच असणार. गुजराती-हिंदीनं जुना अर्थ सांभाळला. मराठीनं ते नाव नव्या पाहुण्याला दिलं. लाल साल पाहूनच दिलं असावं, असं मला वाटतं.

आणि रताळ्याचं स्वतःचं नाव? ते बटाट्यानं नेलं! कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेत ‘बटाटा’ म्हणजे रताळे. स्पॅनिश-पोर्तुगीजांच्या तोंडून फिरता फिरता तो शब्द दुसऱ्याच पिकाला चिकटला आणि आपल्याकडेही तसाच आला. शास्त्रीय नावात मात्र रताळे अजून ‘आयपोमिया बटाटास’च आहे.

तेव्हा ‘रताळू’ मराठीत अशुद्ध नाही. तरी सरहद्दीच्या बाजारात ‘रताळे’ म्हणणंच सोयीचं. एक रताळे (बोलताना रताळं), अनेक रताळी, रताळ्याचा कीस. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळ्याचा ‘डोया’ होतो तसा. म्हणून कुणाच्या तोंडी ‘रतायं’ ऐकलंत तर तो निराळा शब्द समजू नका.

रोप ओळखताना रंगावर जाऊ नका, जांभळ्या गराची रताळीही असतात. वेल बघा. कोनफळाचा वेल आधाराला विळखे घालत वर चढतो आणि त्याच्या खोडाला कडा असतात. रताळ्याचा वेल जमिनीवर पसरतो. नाल्याकाठच्या बेशरमाचा तो सख्खा भाऊबंद, फूलही तसंच फिकट जांभळं, नरसाळ्यासारखं.

लावायची रीतही वेगळी. कोनफळाचे तुकडे पावसाच्या तोंडावर पुरतात आणि पानं वाळली की हिवाळ्यात खणतात. रताळ्याचं बेणं म्हणजे वेलाचेच वीतभर, तीन-चार डोळ्यांचे तुकडे. ते वरंब्यावर लावले की साधारण 4 महिन्यांत काढणी. आपल्या काळ्या, चिकट जमिनीत ती बारीक आणि वेडीवाकडी होतात, म्हणून वाफ्यात वाळू आणि शेणखत भरपूर मिसळा. पसरलेला वेल अधूनमधून उचलून परता, नाहीतर तो पेरापेराला मुळं धरतो आणि मुख्य बुंध्याशी रताळी पोसत नाहीत. बाजारात पुन्हा जाल तेव्हा ‘रताळ्याचा वेल’ मागा, आणि विक्रेता गुजराती बोलणारा असेल तर सरळ ‘शक्करियां’ म्हणा.