जुन्या ऑप्टिप्लेक्समध्ये ग्राफिक्स कार्ड टाकू का?

प्रश्न: दादा, मी कराडला बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मामाच्या ऑफिसातून निघालेला डेल ऑप्टिप्लेक्स 7010 मला मिळालाय, तो बारका आडवा डबा असतो ना तोच, आय5-3470, रॅम 8 जीबी, एसएसडी मी नंतर टाकली. बाकी मस्त चालतो पण जीटीए 5 लावलं की फोटो बघत बसल्यासारखं होतं. मंडळाचे गणपतीचे व्हिडिओ पण मीच एडिट करतो. दुकानदार म्हणतोय 4 जीबीचं जीटी 730 घे, एकदम पळेल. बजेट 4 हजार, त्याच्या वर गेलं तर आई घरात घेणार नाही. घेऊ का?

उत्तर: नको घेऊस रे बाबा. 4 जीबी हा आकडा गिऱ्हाईक गटवायला असतो. गच्चीवर टाकी केवढी पण असूदे, खाली नळाला करंगळीएवढी धार असेल तर आंघोळ तेवढ्याच धारेत करायची ना, तसं आहे ते, मेमरी 4 जीबी पण ती डीडीआर3, म्हणजे हळू. त्यात 730 हे 2014 चं कार्ड, एकाच नावाखाली 96 कोरवालं (कोर म्हणजे चित्राचा हिशोब करणारे छोटे भाग) पण विकलं गेलंय आणि 384 कोरवालं पण, खोक्यावरून कळत नाही. नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, 384 वाल्याला 2021 पासूनच बंद, 96 वाल्याला तर त्याच्याही आधीपासून.

आता तुझा डबा. त्याचा पॉवर सप्लाय 240 वॅटचा आणि कार्डाला द्यायची वेगळी वायर त्यात नाही, म्हणजे कार्डाला जे काही मिळेल ते स्लॉटातूनच, म्हणजे मदरबोर्डवर कार्ड खोचायच्या खाचेतूनच, जास्तीत जास्त 75 वॅट. दुसरं म्हणजे उंची. नेहमीचं कार्ड साधारण 11 सेंटीमीटर उंच, तुझ्यात 7 च्या आतलंच बसणार, त्याला लो प्रोफाइल म्हणतात. झाकण उघड आणि पट्टीने मोज, जाडी पण बघ, दोन स्लॉट अडवणारी कार्डं या डब्यात कटकट करतात.

फक्त गेमच खेळायचा असता तर मी डोळे झाकून वापरलेलं जीटी 1030 सांगितलं असतं. 30 वॅट खातं, जीटीए 5 नॉर्मल सेटिंगला बऱ्यापैकी खेळता येतं. पण त्यात दोन प्रकार आहेत, जीडीडीआर5 आणि डीडीआर4, नाव सेम, आणि डीडीआर4 वाल्याचा मेमरीचा वेग दुसऱ्याच्या निम्म्याहून कमी, तो फुकट दिला तरच घे. पण तू एडिटिंग म्हणालास ना, तिथे 1030 ची गोची होते कारण त्यात व्हिडिओ एन्कोडरच नाही, म्हणजे व्हिडिओ आवळून फाइल बनवणारा भागच नाही, एक्स्पोर्ट सगळा प्रोसेसरच्याच डोक्यावर.

म्हणून तू क्वाड्रो पी620 शोध. ऑफिसातल्या वर्कस्टेशनमधून काढलेली वापरलेली कार्डं असतात ही, मुंबईत लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्यात तापकीर गल्लीत विचार, जाणाऱ्या-येणाऱ्या मित्राला कामाला लाव. 40 वॅट, 512 कोर, 2 जीबी जीडीडीआर5, एका स्लॉटात मावतं आणि एन्कोडर आहे. पोर्ट मात्र सगळे मिनी डिस्प्लेपोर्ट, त्यामुळे एचडीएमआयचं कन्व्हर्टर लागेल, त्याचे पैसे बजेटमध्येच धर. एक खरं सांगतो, या पिढीला पण गेमचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर 2025 ला थांबलेत, सुरक्षेचे अपडेट 2028 पर्यंत आहेत. तुझ्या गेमला त्याने काही बिघडत नाही.

आणि कोणी म्हणालं की 1050 टीआय देतो, लो प्रोफाइल, स्वस्तात, तर आधी संशय घे. जुन्या कार्डाचं बायोस, म्हणजे कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर, बदलून 1050 टीआय म्हणून खपवतात. दुकानातच जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवून बघ, बनावट असेल तर बऱ्याचदा नावापुढे तसं सरळ लिहून येतं.

हो, आणि 8 जीबी रॅमची एकच काडी असेल तर कार्डाच्या आधी तेवढीच दुसरी टाक, दोन काड्या झाल्या की आत्ताचं, प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स पण थोडं सुधारतं. थोडंच हं, जीटीए नाही पळणार त्याच्यावर. कार्ड बसवल्यावर मॉनिटरची वायर कार्डालाच लाव, मागे मदरबोर्डला नको, यावरून मला दर महिन्याला कोणीतरी विचारतंच.

राहिली ती कार्डाला डब्याच्या मागच्या बाजूला धरून ठेवणारी पत्र्याची पट्टी. कार्ड लो प्रोफाइल असलं तरी त्याला कधीकधी उंच पट्टीच लावलेली असते. मी एकदा असंच आणलं, छोटी पट्टी सोबत नव्हती, मग पट्टी काढून नुसतंच बसवलं, तर एचडीएमआयची वायर जरा ओढली गेली की कार्ड स्लॉटातून वर यायचं आणि स्क्रीन काळी. शेवटी ग्रिलवाल्याकडून पत्रा कापून घेतला, त्यात पण भोकं चुकली. तेव्हा विकणाऱ्याला आधी विचार छोटी पट्टी आहे का, नाही म्हणाला तर दोनशे कमी करायला लाव.