पुस्तिका आधी स्कॅन करा, कार्ब्युरेटर नंतर उघडा

दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी लष्कराच्या जीएमसी सीसीकेडब्ल्यू ट्रकचा झेनिथ कंपनीचा कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) उघडण्यापूर्वी हाताशी असलेली दुरुस्तीची पुस्तिका स्कॅन करून घ्यावी, कारण पेट्रोल आणि ग्रीस लागलेल्या बोटांनी उलटलेली पाने पुढच्या माणसाच्या कामाची राहत नाहीत. टीएम ९-८०१ (टीएम म्हणजे टेक्निकल मॅन्युअल, लष्कराची तांत्रिक पुस्तिका) ही संपूर्ण ट्रकची पुस्तिका आहे. कार्ब्युरेटरची सविस्तर माहिती वेगळ्या पुस्तिकेत येते, म्हणून मुखपृष्ठावरील क्रमांक, तारीख आणि मजकुरातील बदलांची मागाहून जोडलेली पत्रके अजिबात वगळू नयेत. अमेरिकी सरकारी प्रकाशनांवर अमेरिकेत स्वामित्वहक्क नसतो, त्यामुळे ती वाटायला तिथे हरकत नाही. कंपन्यांच्या स्वतःच्या पत्रकांना मात्र हा नियम लागू होत नाही. सुट्या भागांची घडीची आकृती सपाट करून ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करावी, नाहीतर बारीक छापलेले ३ आणि ८ सारखेच दिसतात आणि भलताच जेट (पेट्रोल मोजून सोडणारा छिद्राचा भाग) मागवला जातो. जुने गॅस्केट (दोन भागांमधली गळती थांबवणारी चकती) फेकण्याआधी शेजारी मोजपट्टी ठेवून तेही स्कॅन करावे. समासात एखाद्या मेकॅनिकने पेन्सिलीने लिहिलेली फ्लोटची (आतल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) उंची पुसू नये (मला तर अशा नोंदी छापील मजकुराहून अधिक आवडतात), पण ती छापील मापाच्या जागी धरूही नये, कारण त्याने कदाचित फ्लोटने उघडझाप होणारी पेट्रोलची सुई वेगळी बसवलेली असेल.