आधी पासबुक, मग इंटरनेट

प्रिय मैत्रिणी,
अनेक आशीर्वाद.

गावातल्या बायकांसाठी मोबाइलचा वर्ग सुरू करते आहेस, छान. फक्त 'संगणकाचे भाग' आणि 'इंटरनेट म्हणजे काय' हे पहिले दोन तास काढून टाक. येणारी बाई विचारणार आहे, "लाडक्या बहिणीचे 1500 माझ्या खात्यात का येईनात?" वर्ग तिथूनच सुरू कर.

घोळ अनेकदा आधार सीडिंगचा असतो, म्हणजे अनुदान जमा होण्यासाठी आधार बँक खात्याला जोडण्याचा. केवायसीसाठी बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं, असं नाही. अनुदान कुठल्या बँकेत पाठवायचं, हे एनपीसीआयच्या (बँकांमधले ऑनलाइन व्यवहार चालवणाऱ्या संस्थेच्या) नोंदीवरून ठरतं आणि त्या नोंदीत एका आधारला एकच बँक असते, सगळ्यात शेवटी जोडलेली. बाईने मध्येच दुसऱ्या बँकेत खातं काढलं, फॉर्मवरच्या संमतीच्या चौकटीत न वाचता टिक झाली, की पैसे तिकडे वळतात. ती मात्र जुनंच पासबुक भरून घेत राहते. 'माय आधार' पोर्टलवर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' उघडायला शिकव. बँकेचं नाव आणि सीडिंग चालू आहे की बंद, दोन्ही तिथे दिसतं. बंद असेल तर शाखेत जाऊन संमतीचा फॉर्म भरायचा.

लॉगिनचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवरच येतो आणि गाडी अडते ती इथे. तो नंबर पुण्याला कामाला गेलेल्या मुलाकडे असतो, नाहीतर रिचार्जअभावी बंद पडलेला. बंद नंबर कंपनी पुढे दुसऱ्या ग्राहकाला देते, म्हणून आधारला जोडलेला नंबर बदलून घेणं टाळू नये. नावं लिहून घेतानाच नंबर चालू आहे का ते विचार. नसेल तर आधी आधार केंद्र, मग वर्ग.

वेळही विचारून ठरव. घरात स्मार्टफोन एकच असेल तर दिवसा तो नवऱ्याच्या खिशात असतो, मग दुपारी दोनच्या वर्गाला बाई रिकाम्या हाताने येते. आठ-दहा जणींपेक्षा जास्त घेऊ नकोस. बोट तिचंच चालू दे, कितीही वेळ लागो. आपण पटकन करून दिलं की पुढच्या महिन्यात ती पुन्हा आपल्याच दारात!

अंगठ्याने पैसे काढण्याला एक अख्खा तास दे. ऊसतोडीने, धुण्याभांड्याने बोटांच्या रेषा झिजतात. हात धुऊन, पुसून दुसरं बोट लावून बघायचं. अंगठाच हवा असं काही नाही. मशीनवाला "सर्व्हर डाउन आहे, परत लावा" म्हणाला, तर आधी पहिल्या व्यवहाराची पावती मागायची. एकदाच पैसे हातात आणि दोनदा खात्यातून वजा, ही फसवणूक अशीच होते. तसं झालं तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा आणि बँकेत लेखी तक्रार द्यायची. यूपीआयचं एकच वाक्य सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घे: पैसे घ्यायला पिन लागत नाही.

पहिल्या दिवशी प्रत्येकीला पासबुक, आधार कार्ड आणि फोन आणायला सांग. एक्स्टेंशन बोर्ड आणि दोन-तीन प्रकारचे चार्जर तू ने, कारण निम्मे फोन उतरलेलेच येतील.