मावशीचा सल्ला: त्या रविवारी दिसलं ते खरं होतं का?

"मावशी, मी कोल्हापुरात राहते, वय 44. माझे मिस्टर दोन वर्षांपासून डायलिसिसवर आहेत, आठवड्यातून तीनदा. त्यांच्या हातात फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला शस्त्रक्रियेनं धमनी आणि शीर जोडून केलेली जागा, करायचा होता, त्याच्या आधीच्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर हातात घेतली आणि एकाएकी सगळं चर्च उजेडानं भरून गेलं. भीती गेली. ते बरे होतील की नाही हा प्रश्नच उरला नाही. तसं पुन्हा कधी झालं नाही. आता प्रार्थनेला बसले की डोळा लागतो. रोज रात्री त्यांच्या फिस्टुलावर बोटं ठेवून थरथर लागते का बघते, लागली की झोपते. एवढीच काय ती माझी भक्ती राहिलीय. प्रार्थनासभेतल्या एका बहिणीला सांगितलं, तर म्हणाली, तुझा विश्वास कमी पडतोय, नाहीतर ते एव्हाना बरे झाले असते. तो भास होता का? खरं असेल तर देवानं परत का नाही दाखवलं?"

लेकी,

आधी त्या बहिणीचं बोलणं निकालात काढू, कारण तेच तुला जास्त लागलंय. प्रेषित पौलानं शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारं दुखणं, निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनवलं. काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरे आहे, एवढंच उत्तर आलं. म्हणून पौलाचा विश्वास कमी पडला असं म्हणायला कुणी धजेल का? मग तुझ्या नवऱ्याच्या किडन्यांचा हिशेब तुझ्या विश्वासावर कशाला? तिच्या मनात वाईट नसेल, पण ती बोलली ते चूक आहे.

आता तुझा प्रश्न. लूकच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढ. येशू पेत्र, योहान आणि याकोबाला घेऊन डोंगरावर गेला, प्रार्थना करताना त्याचा चेहरा पालटला, वस्त्रं लखलखली. हे आपण संडे स्कूलपासून ऐकतो. पण त्याच्या आठवडाभर आधी काय झालं होतं ते बघ. मला पुष्कळ सोसावं लागेल, मला जिवे मारतील, असं येशूनं शिष्यांना सांगितलं होतं. त्यानंतर हा डोंगर. आणि तिथं दिसलेले मोशे नि एलीया, जुन्या करारातले संदेष्टे, त्या तेजात उभे राहून कशाविषयी बोलत होते? यरुशलेमेत व्हायच्या त्याच्या मरणाविषयी! मी कितीतरी वर्षं हे वाक्य नुसतं वाचून पुढं जात होते. माझी आई मिरजेला दवाखान्यात शेवटच्या दुखण्यात होती, तेव्हा तिच्या उशाशी बसून वाचताना तिथं अडकले. म्हणजे ते तेज दुःख टाळायला आलेलं नव्हतं. पुढं काय वाढून ठेवलंय ते ठाऊक असताना, त्या वाटेवर निघण्याआधी ते दाखवलं गेलं.

पुष्कळ मंडळ्यांत या डोंगराची आठवण करणारा रूपांतराचा रविवार, उपवासकाळ सुरू करणाऱ्या राखेच्या बुधवाराच्या अगदी आधी येतो तो यासाठीच, असं मला वाटतं. पुढचे चाळीस दिवस क्रुसाकडं चालायचं असतं. तुझा तो रविवारही फिस्टुलाच्या आधीच आला की गं.

आणि तुझ्या पेंगण्याचं म्हणशील, तर डोंगरावर ते तिघंही झोपेनं जड झाले होते, लूकनं लपवलेलं नाही. तेच तिघं पुढं गेथशेमाने बागेतही झोपले. पेत्रानं तर तेज डोळ्यांनी पाहिलेलं, तरी येशूला धरलं त्या रात्री शेकोटीपाशी त्या माणसाला मी ओळखत नाही म्हणाला. म्हणून डोंगरावर पाहिलं ते खोटं ठरलं नाही. आपल्या दुसऱ्या पत्रात तोच डोंगर तो पुन्हा आठवतो: आम्ही रचलेल्या कहाण्या सांगत नाही, आम्ही त्याचं वैभव पाहिलंय. त्या रात्री ते त्याच्या कामी आलं नाही. मरण जवळ आलंय हे कळल्यावर आलं.

परत का नाही, विचारतेस. पेत्रालाही तिथंच राहायचं होतं, तीन मंडप घालू म्हणाला. तेवढ्यात ढग आला. मग येशूनं त्यांना हात लावून उठवलं, भिऊ नका म्हणाला. मान वर केली तर एकटा येशू. ना झळाळी, ना मोशे, ना एलीया. पण जो होता तो तोच होता. तोच त्यांच्याबरोबर खाली उतरला, जिथं एक बाप आपल्या फेफरं येणाऱ्या पोराला घेऊन थांबला होता. तुला उजेड पुन्हा दिसेल की नाही, हे मी कुठल्या तोंडानं सांगू? पण तो तुझ्याबरोबर खाली उतरलाय, डायलिसिसच्या त्या चार तासांत बाहेरच्या बाकड्यावर तुझ्या शेजारी आहे, याविषयी मला शंका नाही.

आणखी एक. उतरताना येशूनं त्यांना बजावलं होतं की मी मेलेल्यांतून उठेपर्यंत हे कुणाला सांगू नका. तूही सध्या ते जपून ठेव. पाळकसाहेबांना सांग, प्रार्थनासभेत नको.

झोपेचं मात्र मनावर घे. दोन वर्षं एकटीनं ओढलेल्या बाईचा प्रार्थनेत डोळा लागतो तो थकव्यानं, त्यात पाप नाही. महिला मंडळात उभी राहून माग: आठवड्यातला एक दिवस कुणीतरी त्यांच्यासोबत दवाखान्यात बसा, एक दिवस डबा द्या. मीठ किती, पाणी मोजून किती, ते कागदावर लिहून दे, म्हणजे हौसेनं कुणी तांबडा रस्सा पाठवणार नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, अजून केलं नसशील तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचार. आणि झोप उडाली, जेवण जाईना झालं, तर स्वतःलाही डॉक्टरांना दाखव.

त्या फिस्टुलावरच्या बोटांना "एवढीच भक्ती" म्हणू नकोस. कातडीखाली रक्त वाहतंय ते तुला दिसत नाही, बोटांना लागतं, आणि तेवढ्यावर तू निर्धास्त झोपतेस. आज रात्री बोटं तिथं असतानाच त्या पोराच्या बापाचं वाक्य म्हण: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक. त्याहून लांब प्रार्थना सध्या नको.

पहिला डबा कोणाकडून आला ते मला कळव.

तुझी मावशी