देवयानी: तेजोमेघ, दीर्घिका की आकाशगंगा?

प्रश्न असा आहे: जुन्या पुस्तकात 'देवयानी तेजोमेघ', नव्या पुस्तकात 'देवयानी दीर्घिका' आणि बातम्यांत 'देवयानी आकाशगंगा'. यातलं बरोबर कोणतं?

आज 'दीर्घिका', म्हणजे गॅलक्सी, अब्जावधी ताऱ्यांचा प्रचंड समूह, हे बरोबर. पण 'तेजोमेघ' लिहिणारे चुकले नव्हते. त्यांच्या काळचं विश्वच लहान होतं.

अंधाऱ्या रात्री देवयानी (अँड्रोमेडा) या तारकासमूहात नुसत्या डोळ्यांना एक धुरकट ठिपका दिसतो. दहाव्या शतकात अल्-सूफी या पर्शियन खगोलज्ञानं त्याची नोंद 'छोटा ढग' अशी केली. ढगासारखं दिसतं म्हणून नेब्युला (लॅटिनमध्ये धुकं, ढग), म्हणून आपल्याकडे तेजोमेघ किंवा अभ्रिका. मृग नक्षत्रातला तेजोमेघ खरोखरच वायू आणि धुळीचा आहे, त्यामुळे तिथे हा शब्द चपखल बसतो. देवयानीला मात्र तो केवळ दिसण्यावरून चिकटला.

तेव्हा गॅलक्सी एकच होती, आपली. 1785 मध्ये खगोलज्ञ विल्यम हर्शलनं तारे मोजून तिचा नकाशा काढला आणि सूर्य जवळजवळ मध्यावर ठेवला. पृथ्वी मध्यातून हलली होती, पण तिच्या सूर्याची जागा अजून शाबूत होती! 1918 च्या सुमारास अमेरिकन खगोलज्ञ हार्लो शॅप्लीनं सूर्यालाही कडेला सरकवलं. मात्र देवयानीसारखे सर्पिल 'ढग' आपल्याच आकाशगंगेचा भाग आहेत, असं त्याचं म्हणणं. दुसरा खगोलज्ञ हीबर कर्टिस म्हणे, ती स्वतंत्र विश्वं आहेत. 1920 साली वॉशिंग्टनमध्ये दोघांनी आपापली बाजू मांडली, निकाल काही लागला नाही.

निकाल लावला एका ताऱ्यानं. 1923 मध्ये खगोलज्ञ एडविन हबलला देवयानीच्या त्या ठिपक्यात सेफीड प्रकारचा रूपविकारी, म्हणजे प्रकाश कमी-जास्त होणारा, तारा सापडला. अशा ताऱ्याच्या प्रकाशाच्या चढउताराचा काळ मोजला की त्याची खरी तेजस्विता कळते, हे खगोलज्ञ हेन्रिएटा लेविटनं दाखवून दिलं होतं. खरी तेजस्विता आणि दिसणारी तेजस्विता ताडून पाहिली की अंतर काढता येतं. हबलचं उत्तर सुमारे 9 लाख प्रकाशवर्षं आलं. आज आपण 25 लाख मानतो, पण आपल्या आकाशगंगेबाहेर जायला 9 लाखही पुरेसे होते. (सेफीड हे नाव ज्या तारकासमूहावरून आलं, त्याला मराठीत वृषपर्वा म्हणतात. देवयानीचं अंतर वृषपर्व्याच्या नातलगानं सांगावं, याची गंमत ययातीची गोष्ट माहीत असलेल्यांना कळेल.)

गंमत पुढेही आहे. हबल अखेरपर्यंत 'आकाशगंगेबाहेरचे तेजोमेघ' असंच म्हणत राहिला. 'गॅलक्सी' हा शब्द अनेकवचनात रुजवायला निघाला तो हरलेला शॅप्ली. 'स्वतंत्र विश्वं' मागे पडलं ते बरंच झालं. विश्व म्हणजे सगळं. सगळ्याचं अनेकवचन कसं करणार?

मराठीला मग सामान्यनाम हवं होतं. 'दीर्घिका' हा मुळात पाण्याचा शब्द. अमरकोशात 'वापी तु दीर्घिका' आहे, म्हणजे लांबट विहीर किंवा तळं. घडवणाऱ्यांच्या मनात तळं होतं की नुसता लांबट आकार, ते असो. गंगेशेजारी तळं शोभतं, असं मला वाटतं. सगळ्याच दीर्घिका काही लांबट नसतात, कित्येक जवळजवळ गोल दिसतात, पण शब्द एकदा रुळला की कुणी फूटपट्टी घेऊन मोजत नाही.

'देवयानी आकाशगंगा' मात्र मी लिहिणार नाही. आकाशगंगा हे आपल्या दीर्घिकेचं विशेषनाम, आपल्या घराचं. ते सगळ्यांना वाटून टाकलं तर 'देवयानी आकाशगंगेकडे सरकते आहे' या वाक्यात कोण कुठे सरकतंय हेच कळेनासं होईल. गॅलक्सीसाठी काही जण वापरतात त्या 'मंदाकिनी'चीही तीच अडचण, तीही मूळची आकाशातली गंगाच.

राहिले मॅगेलनचे मेघ, दक्षिण आकाशात दिसणारे दोन धुरकट ठिपके. ते मेघ नाहीत, छोट्या दीर्घिका आहेत. पण ते विशेषनाम आहे, त्याला हात लावू नये.