वाचन डोंगराएवढं, हाती काहीच नाही

प्रश्न : पीएच.डी.चं पहिलं वर्ष सरत आलं. दोनशेच्या वर पेपर डाउनलोड केलेत, निम्मे वाचलेत, पण काय वाचलं ते आठवत नाही. गाइडकडे गेलं की ‘वाचत राहा’ एवढंच ऐकून परत येते. एम.एस्सी.ला वर्गात पहिली होते. आता कुठे चुकतंय?

उत्तर : एम.एस्सी.ला प्रश्न दुसऱ्याने काढलेला असतो आणि त्याला उत्तरही असतं. इथे प्रश्नच शोधायचा आहे, तेव्हा पहिल्या वर्षी चाचपडणं आलंच. हुशारीचा त्याच्याशी संबंध नाही.

चुकतंय ते वाचण्यात. पेपर कादंबरीसारखा पहिल्या ओळीपासून वाचू नका. आधी शीर्षक, सारांश, आकृत्या, निष्कर्ष. दहा मिनिटं पुरतात. बरेच पेपर इथेच गळतात, गळू द्या. उरलेल्यांना तासभर द्या. ज्यांच्यावर तुमचं काम उभं राहणार असे पंधरा-वीसच पेपर कागद-पेन्सिल घेऊन, त्यातले आकडे पडताळत वाचा. एकेकाला अर्धा दिवस जाईल.

मग पेपर मिटा आणि पाच ओळी लिहा : प्रश्न काय, पद्धत कोणती, हाती काय लागलं, कुठे लंगडं पडतं, मला उपयोग काय. मिटूनच लिहा. समोर उघडा असला की त्यातली वाक्यं नकळत उचलली जातात, आणि तीच टिपणं पुढे प्रबंधात गेली की वाङ्मयचौर्याच्या तपासणीत अडकायला होतं. टिपणं झोटेरो या पेपर आणि संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्या त्या पेपरला जोडून ठेवा. ते मोफत आहे, संदर्भसूचीही करून देतं. फक्त त्याने आपोआप भरलेली नावं आणि वर्षं एकदा नजरेखालून घाला.

आता गाइड. ‘पुढे काय करू?’ असं विचारलं तर ‘वाचत राहा’ हेच मिळणार, त्यांचाही फार दोष नाही. भेटीच्या दोन दिवस आधी एकच पान पाठवा : काय केलं, कुठे अडलं, आणि निवड करावी लागेल असे दोन प्रश्न. ‘नमुने वाढवू, की आधी मोजमापातली चूक किती ते पाहू?’ याला ‘वाचत राहा’ म्हणून सुटता येत नाही. ठरलेलं त्याच दिवशी ईमेलने कळवा, म्हणजे तीन महिन्यांनी ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ हा वाद होत नाही.

प्रश्न : सगळा डेटा लॅपटॉपच्या क्लाउड फोल्डरमध्ये आहे. एवढं पुरे ना?

उत्तर : नाही. तुमच्या हातून फाइल डिलीट झाली की क्लाउडवरूनही जाते. जुनी आवृत्ती काही दिवसच मिळते, तीही सगळीकडे नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. मूळ डेटाची फाइल ‘फक्त वाचण्यासाठी’ करून ठेवा, आकडेमोड तिच्या प्रतीवरच करा. आणि महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल उघडून बघा. ती उघडत नाही हे प्रबंध लिहिताना कळून उपयोग नाही.