मोदक खाल्ला आणि ताप आला

नमस्कार ताई,
पूर्वी मी पत्राची सुरुवात ‘दंडवत’ने केली असती. अमरावती जिल्ह्यातलं आमचं घर महानुभाव पंथाचं, एकाच परमेश्वराला मानणारं. घरात गणपती कधी बसला नाही. शेजारी कुणी सत्यनारायणाचा शिरा पुढे केला की आई माझा हात मागे ओढायची. ‘देवता ८१ कोटी सव्वा लाख १०, पण मोक्ष देणारा परमेश्वर एकच’ हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं. पंथाचा उपदेश लहानपणीच घेतला. प्रश्न विचारला की ‘शंका घेऊ नये’ एवढंच उत्तर मिळायचं. शिकायला पुण्यात आले आणि हळूहळू सगळं सुटलं. लग्न पंथाबाहेर केलं. सासरी गौरी-गणपती असतात. गेल्या वर्षी मी पहिल्यांदा आरतीला उभी राहिले, मोदक खाल्ला, मुलीलाही दिला. सासूबाईंनी फोटो ग्रुपवर टाकला, तो फिरत फिरत आईपर्यंत गेला. त्याच आठवड्यात मुलीला डेंग्यू झाला. रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून मी पंथातल्या पाची अवतारांची नावं घेत होते. देव आहे असं मला आता वाटत नाही, तरी ‘हे माझ्यामुळे झालं’ हे डोक्यातून जात नाही. आई फोनवर नातीशी भरभरून बोलते, माझ्याशी दोन वाक्यं. मुलगी सहा वर्षांची आहे. विचारते, ‘गणपती देव आहे की नाही? दोन्ही आज्या वेगवेगळं सांगतात.’ मी ढोंगी आहे का? आणि तिला काय सांगू?
– ना इकडची, ना तिकडची

प्रिय मैत्रिणी,

आधी डासाचं बोलू. डेंग्यूचा डास साचलेल्या पाण्यात वाढतो, कुंडीखालच्या ताटलीएवढं पाणी त्याला पुरतं. तो चावल्यावर ताप यायला साधारण ४ ते १० दिवस लागतात. म्हणजे मुलीने मोदक तोंडात घातला तेव्हा डास बहुधा आपलं काम उरकून गेलेला होता. पावसाळा सरता सरता, ऐन गणपतीतच पुण्यातले दवाखाने या तापाने भरतात, आणि त्या रात्री आजूबाजूच्या खाटांवर जी मुलं होती, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरी गणपती पिढ्यान्‌पिढ्या बसत असणार.

हे तुम्हाला कळत नाही असं नाही. पण रात्री दोन वाजता हा हिशेब कामाला येत नाही, कारण त्या बाकावर जो धाक वाटला तो शिऱ्यापासून मागे ओढलेल्या हाताचा होता. तो तुमच्या विचारांच्या कितीतरी आधी तुमच्या अंगात आला, आणि विचार बदलले म्हणून लगेच जाणार नाही. धाक वाटतो म्हणून श्रद्धा अजून आहे असं समजू नका. आणि धाक गेला म्हणजे देव नाही हे सिद्ध झालं, असंही समजू नका. दोन्ही वेगळी खाती आहेत.

मी अगदी उलट्या घरात वाढले. वडील कट्टर नास्तिक, भिंतीवर आगरकरांचा फोटो. मॅट्रिकच्या गणिताच्या पेपराआधी मी शाळेजवळच्या मारुतीला चोरून नमस्कार केला आणि पुढे आठवडाभर वडिलांच्या नजरेला नजर देऊ शकले नाही. पोटात तोच गोळा, तुमच्यासारखाच. (गणितात जेमतेम सुटले. मारुतीनेही फारसं मनावर घेतलं नसावं.)

आता ढोंगाचं. ढोंग करायला कुणीतरी बघणारं लागतं. त्या रात्री पॅसेजमध्ये कोण बघत होतं? माझी नणंद ४० वर्षं न्यू जर्सीत आहे. इंग्रजीत भांडते, इंग्रजीत हिशेब करते, पण पोळ्या मोजायची वेळ आली की ‘एक, दोन, तीन’च म्हणते. तुमच्या जिभेवर ती पाच नावं तशी आहेत. घाबरलेल्या माणसाला जे पहिलं सापडतं ते तो धरतो. ती पुन्हा आली तर येऊ द्या, त्यांच्यामागे चौकशी लावू नका.

देव आहे की नाही यावर तुम्ही माझं मत विचारलेलं नाही, याबद्दल आभार. पण ‘शंका घेऊ नये’ हे वाक्य मला खटकलं. तुमच्या जिल्ह्यातल्या रिद्धपुरात १३व्या शतकात महदंबा राहिली. मराठीतली आद्य कवयित्री. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या इच्छेवरून कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची गाणी रचणारी. पंथ स्थापणाऱ्या चक्रधरांना ती इतकं विचारायची, की ही म्हातारी जिज्ञासू आहे, सारखं काही ना काही विचारतच असते, असं त्यांनीच म्हटल्याचं पंथाने लिहून ठेवलं. लपवलं नाही, जपलं. हे मी तुम्हाला परत बोलावण्यासाठी सांगत नाही, तुमचा पाय निघाला तो निघाला. पण विचारायची सवय तुम्हाला पुण्याच्या पाण्याने लागली असं धरून चालू नका. ती माहेरचीच आहे.

एक धोका मात्र दिसतो. कडक घरातून बाहेर पडलेली माणसं पुष्कळदा घाईने दुसरं तितकंच कडक घर बांधतात. कुणी नव्या देवाचं, कुणी नास्तिकपणाचं. ‘ना इकडची, ना तिकडची’ ही सही तुम्ही तक्रार म्हणून केली आहे. मला ती काही वर्षं राहण्यासारखी जागा वाटते.

सासरचं सोपं आहे. आरतीला उभं राहणं वेगळं आणि पूजेला बसणं वेगळं. तुम्हाला जिथवर जमतं तिथवर जा. पुढचं सासूबाईंना नवऱ्याने सांगायचं, तुम्ही नाही. त्यांची आई, त्यांनी बोलावं. फोटो कुठल्या ग्रुपवर जावा, हेही त्याच बैठकीत उरकून घ्या.

आईचं अवघड. तुम्ही पंथ सोडलात हे तिला तुमच्याकडून कळलंच नाही, फोटोवरून कळलं. मोदकाइतकाच हाही घाव असेल. फोनवर हे होणार नाही. सवड काढून गावी जा, दोन दिवस राहा, दुपारी ती धान्य निवडत बसली की शेजारी बसा आणि एवढंच सांगा: ‘आई, मला आता ते पटत नाही. तुला फसवायचं नव्हतं, सांगायची हिंमत होत नव्हती.’ वाद घालू नका. तिला सूत्रं पाठ असतील, तुम्ही हराल. ती रडली तर तिचा हट्ट म्हणून बघू नका. तिच्या लेखी माणसाचा जन्म हीच परमेश्वर मिळवायची संधी आहे आणि तिची लेक ती घालवते आहे. हे तिला खरंच दिसतंय. तुमचं पटवून द्यायचं काम नाही, तिच्यासमोर बसून राहायचं आहे.

आणि ती दोन वाक्यं. त्यांतलं दुसरं बहुधा ‘दंडवत’ असेल ना, फोन ठेवतानाचं? मी पैज लावते, तुम्ही त्यावर ‘हं’ म्हणत असाल. पुढच्या वेळी ‘दंडवत’ म्हणा. त्यात कबुलीजबाब नाही. आईच्या बोलीतला निरोप आहे, तिच्याच बोलीत परत करायचा.

राहता राहिली मुलगी. तुमची आई ‘गणपती नाहीच’ असं म्हणत नसणार. तो देवता आहे, परमेश्वर नाही, असं म्हणत असणार. हा फरक सहा वर्षांच्या मुलीला सांगायच्या भानगडीत पडू नका. तिला खरं सांगा: ‘दोन्ही आज्यांचं यावर एकमत नाही, आणि मला अजून ठरवता आलेलं नाही. तू दोघींना विचारत राहा.’ फक्त एक करा, एका आजीसमोर दुसरीला खोटं पाडायची पाळी तिच्यावर येऊ देऊ नका. आणि प्रसादाचं ताट फिरलं की तिचा हात मागे ओढू नका, पुढेही ढकलू नका. ती आधी तुमच्याकडे बघेल. ‘खाऊ?’ विचारेल. तेव्हा फार वेळ विचार करत बसू नका, उकडीचा मोदक गार झाला की त्याची मजा जाते.

– तुमची ताई